झुडपात हलले ते काय?



"फादर, भेकर मारणे पाप आहे का?" हा प्रश्न आपल्या भागात धर्मगुरूला कधी ना कधी विचारला जातोच. विचारणारा बहुधा हसत हसत विचारतो, पण उत्तर मात्र कान देऊन ऐकतो. प्रश्नामागे कधी घरातल्या माळ्यावर ठेवलेली आजोबांची ठासणीची बंदूक असते, कधी शेजारच्या पाड्यावरून आलेला मटणाचा वाटा असतो, तर कधी रात्री रानात गेलेल्या मुलाची काळजी असते. म्हणून या रविवारी त्याच प्रश्नावर थोडा सावकाश विचार करू या.

दोन उत्तरे तयारच असतात. पहिले म्हणते, "सरकारने बंदी घातली आहे, म्हणजे पाप." दुसरे म्हणते, "आमचे बापजादे शिकार करत आले, त्यात पाप कसले?" ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कायदा चांगला असेल तर तो पाळणे हे आपले कर्तव्य असते, पण एखादे कृत्य चांगले की वाईट हे केवळ कायद्याच्या पुस्तकावरून ठरत नाही. आणि पूर्वजांनी केले म्हणून सर्व काही योग्य ठरत असते, तर हुंडा, दारू आणि भुताळीच्या नावाखाली बायकांना मारणे हेही योग्य ठरले असते. तेव्हा उत्तर शोधण्यासाठी आपल्याला खुद्द त्या कृत्याकडेच पाहावे लागेल.

प्रथम त्या बंदुकीकडे पाहू. गावठी बंदूक म्हणजे एक लोखंडी नळी, तिला लाकडी दस्ता आणि बाजूला घोडा. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि सगळे गजाने ठासायचे. म्हणूनच तिला ठासणीची बंदूक म्हणतात. जुन्या चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या चिमट्यात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, बाजूच्या खळगीतली रंजक पेटते आणि छिद्रातून आत शिरलेली आग मुख्य दारू पेटवते. त्यानंतर बार उडतो. चाप ओढणे आणि बार उडणे यांत क्षणभराचे अंतर राहते आणि तेवढ्यात जनावर हललेले असते. रंजक दमट असली तर बार उडतच नाही. एकदा बार गेला की पुन्हा भरायला अर्धा-एक मिनिट लागते. नळी आतून सरळ गुळगुळीत असल्यामुळे थोडे अंतर वाढले की नेम भरवशाचा राहत नाही. गावच्या भट्टीवर घडवलेली नळी कधी कधी भरणाऱ्याच्याच हातात फुटते.

असे हत्यार घडवणाऱ्याच्या हातात कला असते हे मान्य करायला हवे. नागालँडमधले कोन्याक लोक पिढ्यान् पिढ्या अशा बंदुका घडवत आले आहेत. कर्नाटकातल्या कोडगू भागात कोडवा लोक कैलपोळ्द या सणाला बंदुकीची पूजा करतात आणि परवान्याच्या अटीतून त्यांना इंग्रजांच्या काळापासून सूट मिळालेली आहे. बाकीच्या देशाला मात्र १८७८ च्या हत्यार कायद्याने निःशस्त्र केले. पुढे स्वतंत्र भारतात १९५९ चा हत्यार कायदा आला आणि त्यातही परवान्याची अट राहिली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बंदूक बनवणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. माळ्यावरच्या त्या जुन्या नळीकडे पाहताना हे ध्यानात असू द्यावे.

आता मुख्य प्रश्न. पोटासाठी जनावर मारणे पाप आहे का? पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. म्हाताऱ्या इसहाकाने एसावाला धनुष्यबाण घेऊन रानात जायला आणि शिकार करून आणायला सांगितले. अनुवाद या पुस्तकात कोणते प्राणी खावेत याची यादी आहे, तिच्यात हरीणही आहे. तेराव्या शतकातले थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी माणसाने अन्नासाठी प्राणी मारणे हे पाप नाही असेच सांगितले. आपणही मांसाहारी आहोत. सणाला कोंबडी कापायची आणि शिकाऱ्याला मात्र क्रूर म्हणायचे, हे बरे नाही. खरे पाहता पिंजऱ्यात जन्मलेली आणि सहा आठवड्यांत कापली जाणारी ब्रॉयलर कोंबडी आणि रानात मोकळे जगलेले भेकर यांत अधिक चांगले आयुष्य कोणाच्या वाट्याला आले, हे सांगायला तत्त्वज्ञान शिकावे लागत नाही.

पण संत थॉमस तेवढेच सांगून थांबले नाहीत. जनावरांशी क्रूरपणे वागण्याची सवय लागलेला माणूस हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो, असा इशारा त्यांनी दिला. पाचशे वर्षांनी जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनीही जवळजवळ हेच म्हटले. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या बेंथम यांनी मुद्दा आणखी पुढे नेला. प्राण्याला बुद्धी आहे की नाही हा प्रश्न महत्त्वाचा नसून त्याला वेदना होते की नाही हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षणही प्राण्यांचा अन्नवस्त्रासाठी उपयोग करायला परवानगी देते, मात्र त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहे असे बजावते. यातला कळीचा शब्द 'विनाकारण' हा आहे. म्हणजे प्रत्येक शिकाऱ्याने स्वतःला विचारायचे की, माझे कारण काय?

भूक हे कारण खरे आहे. डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या डोंगरात भुकेचे दिवस काय असतात हे ज्यांनी सोसले त्यांना मी काय सांगावे? पावसाळ्याच्या तोंडाला घरातले भात संपलेले, मजुरी नाही, अशा वेळी कोणी ससा किंवा भेकर मारून पोरांच्या तोंडात घास घातला, तर त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटणार नाही. परंतु आज रानात जाणारे सगळेच भुकेपोटी जातात का? मोटारसायकलवरून, डोक्याला झगझगीत बॅटरी लावून, खिशात मोबाईल ठेवून जे जातात त्यांची भूक कसली आहे? काहींना गंमत हवी असते, काहींना चारचौघांत नाव हवे असते आणि काहींना किलोमागे मिळणारा पैसा हवा असतो. कारण बदलले की कृत्याचे मोलही बदलते. सेमिनरीत आम्हाला शिकवतात की कोणत्याही कृत्याचा न्याय करताना तीन गोष्टी पाहाव्यात: काय केले, कशासाठी केले आणि कोणत्या परिस्थितीत केले.

परिस्थितीचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो, म्हणून तो थोडा तपशीलाने करू. आजोबांच्या काळातले रान आणि आजचे रान एक नाही. तेव्हा डोंगर जंगलाने भरलेले होते आणि बंदुका मोजक्या होत्या. आज एका बाजूला तारापूर-बोईसरचे कारखाने, दुसऱ्या बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मध्ये वाड्या, वीटभट्ट्या आणि वसाहती. जे जंगल उरले ते तुकड्यातुकड्यांनी. एका तुकड्यातली दोन-चार भेकरे संपली तर दुसरीकडून येणार कुठून? शंभर हरणांतून एक मारणे आणि चारांतून एक मारणे यांत हाताची हालचाल तीच असते, कृत्य मात्र वेगळे असते. अनुवादाच्या पुस्तकात एक लहानशी सुंदर आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि पक्षीण अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिले घेतली तरी चालतील पण आईला सोडून द्यावे. त्यात मांस खायला बंदी नाही. पण जिथून जीवन पुन्हा येणार आहे ते मूळ मात्र मोडू नका, एवढी मर्यादा घातली आहे.

मर्यादेची ही जाण आपल्या आदिवासी बांधवांना कोणी बाहेरून शिकवलेली नाही. आपल्या भागात गावाच्या वेशीवर, रानाच्या तोंडाशी वाघोबा असतो. ज्याच्यापासून भय आहे त्यालाही गावाच्या हिशोबात जागा देणारी ही समज आहे. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली. २०१८ साली ते निवर्तले. वारली चित्रात शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ असते, आणि माणूस, झाड, हरीण, कोंबडी सगळे त्या एकाच पिठाचे असतात. शिकारीचे चित्र काढणाऱ्या हातालाही हे ठाऊक असते.

इथे कोणी म्हणेल, "फादर, जंगल आम्ही तोडले नाही. ठेकेदारांनी तोडले, कारखान्यांनी गिळले आणि शिक्षा मात्र आम्हाला!" हे गाऱ्हाणे खरे आहे आणि मी ते नाकारणार नाही. इंग्रज साहेब आणि संस्थानिक हाका घालून हौसेने शिकार करत, हाका घालायला मात्र आदिवासी वेठीला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात जनावर मारणे तर शिकार आहेच, पण फास लावणे, हाकून आणणे आणि नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा जमिनीवरचा आणि गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, मात्र शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. दुसरीकडे, १९९८ साली जोधपूरजवळ काळविटांची शिकार केल्याच्या खटल्यात एका नामवंत सिनेनटाला शिक्षा सुनावली गेली ती २०१८ साली, म्हणजे वीस वर्षांनी, आणि दोन दिवसांत जामीनही मिळाला. पाड्यावरच्या माणसाला अशी वीस वर्षे आणि असे वकील कुठून मिळणार? हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण दुसऱ्याने माझ्यावर अन्याय केला म्हणून मी तिसऱ्याचा जीव घ्यावा, हे तर्कात बसत नाही. भेकराने आपले जंगल तोडलेले नाही. त्याचेही घर त्याच कुऱ्हाडीने गेले आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. रानात त्यांची पांगापांग झाली. झुडपात काहीतरी हलले. डुक्कर आहे असे समजून एकाने गोळी झाडली आणि ती त्यांच्याच साथीदाराला लागली. तो मरण पावला. घाबरलेल्या सोबत्यांनी पोलिसांना कळवले नाही, मृतदेह रानातच लपवला. काही दिवसांनी गोष्ट उघडकीला आली आणि अटका झाल्या. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गातूनही अशा बातम्या अधूनमधून येत असतात. मरणारा आणि मारणारा बहुतेक वेळा एकाच गावचे, एका ताटात जेवणारे असतात.

अशा वेळी लोक म्हणतात, "चूक झाली, मुद्दाम नाही मारले." मुद्दाम मारले नाही हे खरेच. पण निर्दोष आहे का? ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत नेमके हेच उदाहरण शतकानुशतके शिकवले गेले आहे. शिकाऱ्यासमोर झुडपात काहीतरी हलते आहे. ते हरीण असेल, कदाचित माणूसही असेल. त्याने बार काढावा का? उत्तर ठाम आहे: नाही. जिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे "बहुधा हरीणच असेल" एवढ्यावर चालत नाही. संशय असताना चाप ओढणारा माणूस मनातल्या मनात एक गोष्ट कबूल करत असतो, की तिथे माणूस निघाला तरी चालेल. तो तसे बोलणार नाही, त्याला तसे वाटतही नसेल, पण त्याच्या बोटाने ते कबूल केलेले असते. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जे दूर करणे माझ्या हातात नव्हते. दुसरे, जे थोडे थांबून, एक हाक मारून दूर झाले असते. झुडपातले अज्ञान दुसऱ्या प्रकारचे आहे. "कोण आहे?" एवढे दोनच शब्द. पण ते दोन शब्द बोलले तर जनावर पळून जाते, म्हणून शिकारी गप्प राहतो. रात्रीच्या शिकारीचा खरा धोका इथे आहे. जे मौन शिकारीला लागते तेच मौन माणसाचा जीव घेते.

त्यानंतरची गोष्ट मला अधिक सलते. साथीदाराला गोळी लागली हा अपघात होता असे समजू. मग मदतीला धावायचे, गावात न्यायचे, घरच्यांना सांगायचे, हे का होत नाही? भीतीमुळे. शिकार बेकायदा असते आणि बंदुकीचा परवाना नसेल तर तीही बेकायदा. अशा वेळी एका अपघाताची कबुली द्यायची तर त्यामागचे सगळेच सांगावे लागते. चोरून केलेल्या कामात अपघात झाला तर तोही चोरूनच निस्तरावा लागतो. चांगली म्हणवणारी माणसे आपल्या सोबत्याला रानात टाकून घरी परततात, भाकरी खातात आणि त्याच्या घरच्यांच्या डोळ्यांना डोळा देत नाहीत. ती माणसे जन्मतः दुष्ट नसतात. एक खोटे झाकायला दुसरे आणि दुसरे झाकायला तिसरे, असे करत करत ती तिथवर पोहोचलेली असतात. लहान लपवाछपवी माणसाला मोठ्या लपवाछपवीची सवय लावते. म्हणून माळ्यावरच्या बंदुकीचा प्रश्न भेकरापुरता राहत नाही. तिच्यामुळे उद्या आपण कोणाला तोंड दाखवू शकणार नाही, हाही प्रश्न त्यातच आहे.

शिकाऱ्यावर बोललो, आता खाणाऱ्यांवर. पूर्वी शिकार झाली की पाड्यावर घरटी वाटा जायचा, विधवेलाही आणि म्हाताऱ्यालाही. त्यात एक माया होती. आज वाटा कमी झाला आणि विक्री वाढली. "मी थोडीच मारले, मी तर नुसते विकत घेतले" असे म्हणणारे आपल्यातही असतील. कायद्याने असे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, घेणारा नसता तर कितीजण रात्री रानात गेले असते? जो पैसा पुढे करतो तो चापावर दुसरे बोट ठेवतो. पकडला जातो तो मात्र गरीब. बोईसरच्या किंवा मुंबईच्या पाहुण्यांना "जंगली" खाऊ घालण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी यावर जरूर विचार करावा.

शिकाऱ्यांचे संत म्हणून युरोपात संत युस्तास आणि संत ह्यूबर्ट यांना मानतात. दोघांचीही आख्यायिका सारखीच आहे. शिकारीच्या नादात हरणाचा पाठलाग करत असताना ते हरीण वळून उभे राहिले आणि त्याच्या शिंगांच्या मधोमध क्रूस दिसला. दंतकथा म्हणून सोडून दिली तरी तिच्यात एक गोष्ट मला मोलाची वाटते. शिकाऱ्यांनी आपला संत म्हणून निवडला तो सर्वांत मोठे जनावर मारणारा नव्हता. समोर नीट पाहून जो थांबला, त्याला त्यांनी संत मानले. धर्मगुरूंच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेनेच आम्हाला शिकारीची मनाई केली होती, तेव्हा मला कोणी रानात बोलावू नये!

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. रानडुकरे आणि हरणे भाताची, मिरचीची, वालाची नासाडी करतात हे खरे आहे. रात्रभर माळ्यावर बसून राखण करणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख शहरातल्या प्राणिप्रेमींना कळत नाही. पण पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी नुकसान झाल्याबरोबर अर्ज आणि पंचनामा व्हावा लागतो. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांना आपल्या तरुणांनी मदत करावी. रविवारी मिस्सानंतर यासाठी दोन-चार जण बसले तर मला आनंद होईल. कुंपणात विजेचा प्रवाह सोडण्याचा मार्ग मात्र कोणी धरू नये. त्या तारेला डुक्कर, शेजाऱ्याची गाय आणि शेजाऱ्याचा मुलगा यांत फरक कळत नाही. जंगली जनावर अंगावर आले आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मारले गेले, तर कायदाही त्याला गुन्हा मानत नाही आणि देवही मानणार नाही.

ज्यांच्या घरी जुनी ठासणीची बंदूक आहे त्यांना विनंती, की ती मुलांच्या हाती लागण्याआधी निकालात काढा. आधी चांगल्या वकिलाचा सल्ला घ्या. चौकीची पायरी चढायला एकट्याला भीती वाटत असेल तर मला सांगा, मी बरोबर येईन. ज्यांच्या मनावर रानातल्या जुन्या रात्रीचे ओझे आहे त्यांना ठाऊकच आहे, की पापनिवेदनात सांगितलेले माझ्याजवळून कुठेही जात नाही. मात्र ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करण्याची जबाबदारी क्षमा मिळाल्यावरही उरते, हे मी त्यांना सांगणारच.

आणि "भेकर मारणे पाप आहे का?" असे विचारणाऱ्याला माझे उत्तर असे: भुकेने मारलेस तर देव तुझी भूक पाहील; हौसेने किंवा पैशासाठी मारलेस तर तो तुझी हौस आणि तुझा पैसा पाहील. पण झुडपात काय हलले ते न पाहता बार काढलास, तर जनावर मेले की माणूस, हा केवळ नशिबाचा भाग राहतो. तुझा दोष तर चाप ओढतानाच घडलेला असतो.

प्रभू तुम्हां सर्वांना आणि तुमच्या घरादाराला सुखरूप ठेवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू